हातावरची गाठ आणि टी पेशींची पारख
क्षयरोगाच्या चाचणीमागचे विज्ञान : शरीर शत्रूला ओळखते ते त्याच्या तुकड्यावरून

जळगाव, (प्रतिनिधी) - घरातील एकाला क्षयरोग झाल्याचे निदान झाले, की आरोग्य केंद्राचा पुढचा प्रश्न असतो तो घरातील इतरांचा. रुग्णाच्या खोकल्यातून हवेत गेलेले जंतू आणखी कोणाच्या फुफ्फुसात उतरले आहेत काय, हे पाहावे लागते. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे पिंप्राळा हे एके काळचे गाव आज जळगाव शहराचे उपनगर आहे. गाव शहरात मिसळून गेलेल्या अशा वस्त्यांत एका छपराखाली दोन-तीन पिढ्या राहतात. तेथे हा प्रश्न केवळ रुग्णापुरता उरत नाही. आजी, सून, नातवंडे असा सारा परिवार त्यात येतो.

शोध घेण्याची जुनी रीत वाचकांपैकी अनेकांनी अनुभवली असेल. मनगटाच्या वर, हाताच्या आतील बाजूस कातडीच्या थरात एक बारीक सुई टोचतात. 'खाजवू नका आणि दोन दिवसांनी दाखवायला या,' असे सांगून घरी पाठवतात. दोन-तीन दिवसांनी परिचारिका त्या जागेवर बोट फिरवते आणि कडक झालेल्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजते. एकाच्या हातावर टणक गाठ उठते, तर दुसऱ्याच्या हातावर काहीच उमटत नाही. ही 'मॉन्टू चाचणी' होय. लोकांच्या तोंडी ती 'एमटी टेस्ट' म्हणून रुळली आहे.

टोचलेल्या द्रवात जिवंत जंतू नसतो. क्षयजंतूच्या शुद्ध केलेल्या प्रथिनांचे मिश्रण तेवढे असते. मग ती गाठ उठवतो कोण, आणि हे प्रथिन क्षयजंतूचेच हे त्याला कळते कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपल्या रक्तातील 'टी पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांची ओळखण्याची पद्धत समजून घेतली, की जुनी चाचणी कोठे चकते, पुण्यात तयार होणारी नवी चाचणी का अधिक भरवशाची आहे आणि मुंबईत रक्ताच्या कर्करोगावर झालेला प्रयोग नेमका काय आहे, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

प्रतिकाराचे दोन थर

शरीराच्या संरक्षणाचे ढोबळमानाने दोन थर आहेत. पहिला जन्मजात. कातडी, श्लेष्मल आवरण आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी हे त्याचे शिलेदार. शत्रू कोणताही असो, ते साधारण एकाच पद्धतीने लढतात. दुसरा थर अनुभवाने घडणारा, म्हणून त्याला अर्जित प्रतिकारशक्ती म्हणतात. तो एकेका शत्रूला वेगळे ओळखतो आणि एकदा ओळख पटली, की वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. लसीकरणाचा सारा डोलारा या स्मरणशक्तीवर उभा आहे.

या दुसऱ्या थरात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे रक्तात व शरीरद्रवात मोकळी फिरतात आणि विषाणू किंवा जंतूच्या पृष्ठभागाला जशीच्या तशी जाऊन चिकटतात. परंतु शत्रू एकदा आपल्याच पेशीच्या आत शिरून बसला, की प्रतिपिंडे तेथे पोहोचत नाहीत. क्षयाचा जंतू नेमके हेच करतो. जी भक्षक पेशी त्याला गिळते, तिच्याच पोटात तो ठाण मांडतो. घरात लपलेल्या चोराला रस्त्यावरच्या पहारेकऱ्याने पकडावे कसे, असा हा पेच आहे. तो सोडवण्याचे काम टी पेशींकडे आहे.

तळहातावरची वानगी

जो पदार्थ पाहून प्रतिकारयंत्रणा जागी होते त्याला 'प्रतिजन' म्हणतात. बी पेशी प्रतिजन अखंड स्वरूपात ओळखू शकते. बहुतांश टी पेशींचे तसे नाही. त्या अखंड जंतूला कधीच पाहत नाहीत. त्यांना दिसतो तो जंतूच्या प्रथिनाचा एक छोटासा तुकडा, तोही आपल्याच एखाद्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवला तर.

बाजार समितीत धान्याचा लिलाव पाहिलेल्यांना हे सहज समजेल. व्यापारी सगळी पोती रिकामी करून पाहत नाही. पोत्यातून मूठभर दाणे काढले जातात, तळहातावर पसरले जातात आणि त्या वानगीवरून मालाची पारख होते. पेशीतही असेच घडते. पेशीच्या आत असलेल्या प्रथिनांचे सतत बारीक तुकडे होत असतात. त्यांतले काही तुकडे एका खास रेणूच्या खोबणीत बसवून पेशीच्या बाहेरील बाजूस मांडले जातात. हा खास रेणू म्हणजे जणू पेशीचा तळहात. माणसात त्याला 'एचएलए' म्हणतात. त्याची जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतात.

निरोगी पेशीच्या तळहातावर तिच्या स्वतःच्या प्रथिनांचेच तुकडे असतात. टी पेशी ते पाहून पुढे निघून जाते. पेशीत विषाणू शिरला असेल, तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे त्या मांडणीत येतात. टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही रेणू असतो. तो तुकडा आणि त्याला धरणारा तळहात या दोघांना एकत्रच तपासतो. तुकडा सुटा मिळाला तर उपयोग नाही आणि तळहात परक्याचा असला तरी नेहमीसारखी पारख होत नाही.

ही दुहेरी अट १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उघड केली. एका विषाणूची बाधा झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या पेशींना मारत होत्या; मात्र त्या पेशी जुळत्या कुळातील उंदराच्या असल्या तरच. विषाणू तोच, पण पेशी वेगळ्या कुळातील असल्या, तर टी पेशी त्यांना हात लावत नव्हत्या. या शोधासाठी दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी एचएलए रेणूची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली, तेव्हा तुकडा धरणारी ती खोबण प्रत्यक्ष दिसली.

दोन खिडक्या, दोन कामे

पेशींकडे वानगी मांडण्याच्या दोन खिडक्या आहेत. पहिली खिडकी केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला असते. तिच्यात पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे, सहसा आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे मांडले जातात. ही खिडकी तपासतात त्या मारक टी पेशी. परका तुकडा दिसला, की त्या ती पेशीच नष्ट करतात. विषाणूचा कारखाना बनलेली पेशी बंद पाडणे हा त्यामागील हेतू.

दुसरी खिडकी भक्षक पेशी, बी पेशी आणि शाखायुक्त पेशी अशा मोजक्याच पेशींना असते. तिच्यात बाहेरून गिळलेल्या मालाचे, जरा लांब तुकडे मांडले जातात. ही खिडकी पाहतात त्या साहाय्यक टी पेशी. त्या स्वतः सहसा कोणाला मारत नाहीत. त्या रासायनिक संदेश सोडून इतरांना कामाला लावतात. भक्षक पेशीला पोटातील जंतू मारण्याचे बळ देणे, बी पेशीला प्रतिपिंडे करण्याची सूचना देणे, मारक पेशींना साथ देणे ही त्यांची कामे होत. क्षयरोगाच्या लढाईत या साहाय्यक पेशींचे स्थान पहिले.

एवढ्यावर टी पेशी लगेच पेटून उठत नाही. पहिल्यांदा सज्ज होताना तिला तुकड्याबरोबर धोक्याची दुसरी खूणही लागते. ती खूण प्रामुख्याने शाखायुक्त पेशी देते. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये या पेशी शोधल्या. कातडीत किंवा फुफ्फुसात जंतू गिळून ही पेशी जवळच्या लसिका गाठीत जाते आणि तेथून जाणाऱ्या टी पेशींना वानगी दाखवते. दुसरी खूण नसेल तर टी पेशी शांत होते. स्वतःच्याच शरीरावर उठसूट हल्ला होऊ नये, यासाठीची ही खबरदारी आहे.

थायमसची कडक परीक्षा

टी पेशींना 'टी' हे अक्षर मिळाले ते थायमस ग्रंथीमुळे. छातीच्या मधल्या हाडामागे असलेली ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. फार काळ ती निरुपयोगी समजली जाई. तिचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले.

अस्थिमज्जेत जन्मलेल्या पेशी थायमसमध्ये येतात आणि तेथे प्रत्येक पेशी आपल्या ग्राही रेणूची जनुके जणू पत्त्यांसारखी पिसून नवी जुळणी तयार करते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशीचा ग्राही वेगळा होतो. पुढे कोणता जंतू भेटणार हे शरीराला ठाऊक नसते. म्हणून ते आधीच असंख्य प्रकारच्या पेशी तयार ठेवते.

मात्र अशा आंधळ्या पिसणीतून निरुपयोगी आणि धोकादायक पेशीही निघतात. म्हणून दोन परीक्षा होतात. पहिलीत स्वतःच्या एचएलए रेणूला ओळखता येते का, हे पाहिले जाते. ज्यांना येत नाही, त्या मरतात. दुसरीत शरीराच्या स्वतःच्या तुकड्यांना घट्ट चिकटणाऱ्या पेशी बाद केल्या जातात. शंभरातील जेमतेम काही पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात.

तरीही काही धोकादायक पेशी निसटतातच. त्यांना आवर घालण्यासाठी 'नियामक टी पेशी' असतात. या पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गाठ दोन दिवसांनी का?

आता पुन्हा हातावरच्या गाठीकडे वळू. एखाद्याच्या शरीरात क्षयजंतू पूर्वी शिरला असेल, तर त्याच्या प्रथिनांचे तुकडे ओळखणाऱ्या टी पेशी वाढलेल्या असतात आणि त्यांच्या स्मरणपेशी रक्तात फिरत असतात. कातडीत प्रथिने टोचल्यावर तेथील पेशी ती गिळतात, तुकडे करतात आणि दुसऱ्या खिडकीत मांडतात. फिरत्या स्मरणपेशींपैकी एखादी तेथे पोहोचते, तुकडा ओळखते आणि संदेश सोडते. त्यातील एक प्रमुख संदेश म्हणजे 'इंटरफेरॉन गॅमा'. त्या हाकेला धावून भक्षक पेशी व आणखी टी पेशी जमतात. त्यांच्या दाटीने कातडी टणक होते.

पेशींची ही जमवाजमव व्हायला वेळ लागतो. म्हणून चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचतात. प्रतिपिंडांमुळे होणारी ॲलर्जी काही मिनिटांत उठते. ही गाठ मात्र सावकाश येते. नुसता लालपणा मोजत नाहीत, कडक भागच मोजतात, त्याचेही कारण हेच. टणकपणा म्हणजे तेथे पेशी जमल्याची खूण.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतू शोधला आणि १८९० मध्ये त्याचा अर्क औषध म्हणून पुढे आणला. औषध म्हणून तो फसला. मात्र क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये आणि पाठोपाठ फ्रान्सचे शार्ल मॉन्टू यांनी तो निदानासाठी वापरला. टी पेशी म्हणजे काय हे कोणालाही ठाऊक नसताना डॉक्टर अनेक दशके टी पेशींचीच पारख मोजत होते.

बीसीजीचा गोंधळ

या चाचणीची अडचणही टी पेशींच्या स्वभावातूनच येते. टी पेशी जंतूचे नाव वाचत नाही, तुकडा वाचते. तोच तुकडा दुसऱ्या जंतूत असेल, तरी ती तितकीच उत्साहाने धावून येते.

भारतात नवजात बालकांना बीसीजी लस दिली जाते. आपल्यापैकी अनेकांच्या डाव्या दंडावरील व्रण तिचाच. बीसीजी हा गुरांच्या क्षयजंतूचा दुबळा केलेला प्रकार. आल्बेर काल्मेत आणि कामीय ग्वेरँ यांनी १३ वर्षे तो प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून निरुपद्रवी केला आणि १९२१ मध्ये तो प्रथम माणसाला देण्यात आला. लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ही लस वाचवते. परंतु तिची बरीचशी प्रथिने खऱ्या क्षयजंतूसारखीच आहेत. मॉन्टू चाचणीच्या द्रवात अशा अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. पाणी-मातीतील काही निरुपद्रवी जंतूंशीही ती जुळतात. म्हणून गाठ उठली तरी ती क्षयजंतूमुळे, की लसीमुळे, असा प्रश्न उरतो.

हा प्रश्न कागदावरचा नाही. गाठ पाहून घरातील निरोगी माणसाला कित्येक आठवडे किंवा महिने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात. त्या यकृतावर ताण आणू शकतात. विनाकारण गोळ्या द्याव्यात, की खरोखर जंतू असलेल्या माणसाला वगळावे, अशी ती कोंडी होती.

पुण्याहून आलेले उत्तर

उत्तर बीसीजीच्याच इतिहासात दडलेले होते. त्या १३ वर्षांत या जंतूने आपल्या जनुकांचा एक भाग गमावला. त्या भागात 'ईसॅट-६' आणि 'सीएफपी-१०' या दोन प्रथिनांची जनुके आहेत. म्हणजे ही प्रथिने खऱ्या क्षयजंतूत आहेत, बीसीजीत नाहीत. केवळ तीच टोचली, तर लसीने शिकवलेल्या टी पेशी गप्प राहतील आणि खऱ्या जंतूला भेटलेल्या तेवढ्या धावून येतील.

याच तत्त्वावरची कातडीची चाचणी डेन्मार्कमधील स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने 'सी-टीबी' नावाने तिचे उत्पादन हाती घेतले. भारतात तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या चाचण्या वापरण्याची शिफारस केली. टोचण्याची व ४८ ते ७२ तासांनी वाचण्याची रीत जुनीच आहे. कडक भाग ५ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास जंतूचा संसर्ग मानला जातो. बीसीजी घेतली असो वा नसो, मोजमाप एकच.

हीच दोन प्रथिने वापरून रक्ताची चाचणीही होते. तीत रक्तातील टी पेशींसमोर ही प्रथिने ठेवून किती इंटरफेरॉन गॅमा सुटतो, हे पाहतात. रुग्णाला दुसऱ्यांदा यावे लागत नाही, हा तिचा फायदा. परंतु तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि खर्चही अधिक येतो. वस्तीपातळीवर सुई आणि पट्टी अधिक सोयीची ठरते.

गाठ म्हणजे आजार नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गाठ उठली म्हणजे क्षयरोग झाला, असे नाही. टी पेशी त्या जंतूला भेटल्या आहेत, एवढेच ती सांगते. अशा माणसांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात पुढे आजार होतो. बहुतेकांत टी पेशी जंतूला कोंडून ठेवतात. आजार आहे की नाही, हे ठरवण्यासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा क्ष-किरण फोटो लागतो.

उलट, गाठ नाही म्हणून निर्धास्त राहणेही धोक्याचे. संसर्ग नुकताच झाला असेल, तर टी पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. तीव्र कुपोषण, गोवर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि विशेषतः एचआयव्ही यांमुळे टी पेशीच दुबळ्या होतात. एचआयव्ही तर थेट साहाय्यक टी पेशींनाच ग्रासतो. पारख करणाराच उरला नाही, की तळहातावरची वानगी कोणी पाहायची? एचआयव्हीग्रस्तांत क्षयरोग इतक्या वेगाने उसळतो, तो यामुळेच.

टी पेशींच्या प्रतिसादाचे महत्त्व कुष्ठरोगातही दिसते. जंतू एकच, परंतु टी पेशींचा प्रतिसाद जोरदार असेल तर अंगावर मोजके चट्टे उठतात आणि जंतू क्वचित सापडतात. तो दुबळा असेल तर जंतू बेसुमार वाढतात आणि आजार सर्वांगावर पसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. जगातील एकूण रुग्णांपैकी हे प्रमाण २६ टक्के होते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील बालकांना, आजार नसल्याची खात्री करून, चाचणीविनाही प्रतिबंधक उपचार देता येतात. मोठ्यांच्या बाबतीतही चाचणी उपलब्ध नाही म्हणून उपचार अडवू नयेत, असे त्यांत म्हटले आहे.

प्रत्येकाचा तळहात वेगळा

एचएलए रेणूचे मानवजातीत हजारो प्रकार आहेत आणि प्रत्येकाला आई-वडिलांकडून त्यांचे अर्धे-अर्धे संच मिळतात. त्यामुळे एकाच जंतूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या माणसांच्या तळहातावर मांडले जातात. एकाच साथीत शेजारच्या दोन घरांत आजाराची तीव्रता वेगळी का, याचे एक कारण हेही आहे. या विविधतेमुळे एकच रोग सगळ्या समाजाला गारद करू शकत नाही, हा तिचा लाभ.

तिची किंमतही आहे. रक्तगट जुळूनही बदललेले मूत्रपिंड शरीर का नाकारते, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. परक्या एचएलएला टी पेशी शत्रू समजतात, हे त्याचे उत्तर. अस्थिमज्जेच्या रोपणात तर ही जुळणी आणखी काटेकोर लागते. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते.

मुंबईतील वेगळी वाट

कर्करोगाच्या पेशी टी पेशींच्या या अटींचा गैरफायदा घेतात. काही पेशी आपला तळहातच मागे घेतात. वानगी दिसली नाही, की मारक टी पेशी पुढे जाते. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेली एक वाट म्हणजे 'कार-टी' उपचार. रुग्णाच्या टी पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना एक कृत्रिम ग्राही बसवतात. तो प्रतिपिंडासारखा असल्याने कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील खूण थेट ओळखतो. त्याला तळहाताची गरज उरत नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून तयार केलेल्या 'नेक्सकार-१९' या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत त्याचे उद्घाटन झाले. बी पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्तकर्करोगांवर तो दिला जातो आणि त्या पेशींवरील 'सीडी-१९' ही खूण लक्ष्य करतो. परदेशातील खर्चाच्या तुलनेत तो सुमारे एक दशांश असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. तरीही सामान्य कुटुंबाला ती रक्कम मोठीच आहे. शिवाय या कृत्रिम ग्राहीला पेशीच्या पृष्ठभागावरचेच दिसते. पेशीच्या पोटात काय शिजते आहे, हे तळहातावरच्या वानगीवरून ओळखण्याची नैसर्गिक टी पेशींची हातोटी त्याच्याकडे नाही.

चाचणी करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे

- टोचलेली जागा खाजवू अथवा चोळू नये. तिच्यावर मलम किंवा पट्टी लावू नये.
- ४८ ते ७२ तासांच्या आत ती दाखवण्यास जावे. उशीर झाल्यास गाठ ओसरते आणि चाचणी वाया जाते.
- बीसीजी घेतल्याचे, तसेच एचआयव्ही, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.
- गाठ उठली तरी घाबरू नये. आजार नाही ना, याची तपासणी करून घ्यावी.
- दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे असल्यास गाठ नसली तरी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत क्षयरोगाची तपासणी व औषधे मोफत मिळतात.
- प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, की त्या मध्येच सोडू नयेत. भूक मंदावणे, उलट्या, डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे आढळल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.